वार्षिक अहवालात तक्रारी 'निरंक' : आनंद मानावा की काळजी करावी?

टिपकागद

नमस्कार. मी एका खासगी कारखान्याच्या हिशेब विभागात गेली एकोणीस वर्षे काम करते. गेल्या महिन्यात, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या आमच्या अंतर्गत समितीची मुदत संपली आणि नव्या समितीच्या अध्यक्षपदी माझी नेमणूक झाली. नेमणूक म्हणजे काय, तर 'तुम्ही ज्येष्ठ आहात, स्वभावाने शांत आहात' असे सांगून एक पत्र आणि एक निळी फाइल माझ्या टेबलावर ठेवण्यात आली.

फाइलमध्ये मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल होते. प्राप्त तक्रारी, निकाली काढलेल्या तक्रारी, नव्वद दिवसांहून अधिक काळ प्रलंबित असलेल्या तक्रारी, अशा प्रत्येक रकान्यापुढे एकच शब्द लिहिलेला होता : निरंक. तिन्ही अहवालांचा मजकूर अक्षरशः सारखा असून दुसऱ्या वर्षीच्या अहवालावर पहिल्या वर्षाची तारीख तशीच राहून गेली आहे. दर्शनी भागात लावायचा समितीच्या माहितीचा फलक शोधला, तेव्हा तो गोदामाकडे जाणाऱ्या बोळात, आग विझवण्याच्या नळकांड्याच्या मागे सापडला. त्यावर ज्या बाईंचा दूरध्वनी क्रमांक आहे, त्या निवृत्त होऊन चौदा महिने झाले आहेत.

आमच्याकडे कायम आणि कंत्राटी मिळून दोनशेच्या आसपास स्त्रिया काम करतात. 'आपल्याकडे वातावरण चांगले आहे, म्हणून तक्रार येत नाही' असे व्यवस्थापनाचे म्हणणे असून ते खोटेच आहे, असे मानायला माझ्यापाशी पुरावा नाही. म्हणून जाणकारांना विचारते, की 'निरंक' या शब्दावर विश्वास केव्हा ठेवावा आणि तो विश्वासार्ह व्हावा यासाठी समितीने नेमके काय करावे?

भिंगरी

ज्या ठाण्यात फिर्यादच लिहून घेत नाहीत, त्या ठाण्याची गुन्ह्यांची नोंदवहीदेखील फार स्वच्छ असते.

शंकासुर

विरोधी मत नोंदवतो, कृपया रागावू नये. दोनशे स्त्रियांच्या आस्थापनेत तीन वर्षांत काहीच घडले नाही, ही शक्यता आपण इतक्या सहज का झटकून टाकतो? तक्रार आली तर 'पाहा, छळ होतो', आणि नाही आली तर 'पाहा, दडपशाही आहे', असा हिशेब ठेवला तर कोणत्याच कार्यालयाला चांगले म्हणता येणार नाही. शिवाय खोट्या तक्रारीची भीती पुरुषांना वाटते, हेही खरे आहे. माझ्या विभागातील दोन वरिष्ठ आता स्त्री सहकाऱ्यांना कामातील चूकसुद्धा तोंडी सांगत नाहीत, सारे लेखी पाठवतात.

अर्धविराम

मी वकील आहे आणि चार आस्थापनांच्या अंतर्गत समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून जाते. (नियमांप्रमाणे आम्हाला बैठकीच्या दिवसाला दोनशे रुपये आणि प्रवासखर्च मिळतो. तेव्हा हा धंदा किफायतीचा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.)

शंकासुर यांचा पहिला मुद्दा तर्काला धरून आहे, दुसरा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील कलम १४ खोट्या तक्रारीबद्दलच आहे, परंतु तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्याच कारणाने ती खोटी ठरत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. तक्रारीमागे दुष्ट हेतू होता, हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावे लागते. राहिला प्रश्न चुका लेखी सांगण्याचा. तो मला चांगलाच पायंडा वाटतो. पुरुष सहकाऱ्यांनाही तसेच सांगावे.

टिपकागदताई, 'निरंक' का येते हे समजून घ्यायचे असेल, तर तक्रारदाराच्या बाजूने रस्ता चालून पाहा. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. कारण सयुक्तिक असेल, तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे हवीत. समिती सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला देते आणि त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे असते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल आणि मालकाने साठ दिवसांत कारवाई. कागदावर हे नीटनेटके दिसते, परंतु या सहा महिन्यांत ती बाई त्याच हजेरीपटावर, त्याच पाळीत, कित्येकदा त्याच माणसाच्या सहीने रजा घेत असते. तिने सहा प्रती कोणत्या झेरॉक्स यंत्रावर काढायच्या, इथपासून तिची अडचण सुरू होते.

कायदा नेमका कोणामुळे आला, हेही सांगते. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरी देवी या राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करीत. बालविवाह रोखण्याचे नेमून दिलेले काम त्यांनी केले, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्या आरोपातून आरोपींना सोडून दिले. काम करताना जो धोका पत्करावा लागतो त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न घेऊन 'विशाखा' आणि अन्य संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती पाळली जात नाहीत, म्हणून पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांना पुन्हा न्यायालयाकडे दाद मागावी लागली. त्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल आला. कायदा संमत झाला २०१३ मध्ये आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. गावोगाव पायी फिरणाऱ्या एका कामकरी बाईच्या प्रकरणातून तो जन्मला आणि प्रत्यक्षात वातानुकूलित कार्यालयांपुरताच उरला, हे मला दर बैठकीत बोचते.

जोडाक्षर

२०१६ मध्ये दुरुस्ती होऊन 'अंतर्गत तक्रार समिती'ची 'अंतर्गत समिती' झाली. नावातूनच तक्रार वजा केल्यावर अहवालात ती कुठून येणार?

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, बावीस वर्षे झाली. आमच्या व्यवसायात प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच महिन्यात अरुणा शानभाग यांच्याबद्दल सांगितले जाते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात, काम संपल्यावर तळघरात कपडे बदलताना त्यांच्यावर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्याला शिक्षा झाली ती मारहाण आणि चोरीसाठी. बलात्काराचा आरोप खटल्यात आलाच नाही. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या, तोवर जवळजवळ बेचाळीस वर्षे तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना जपले.

हे सांगण्याचे कारण जरा लहान आहे. आमच्या रुग्णालयात परिचारिकांच्या कपडे बदलण्याच्या खोलीला आतून कडी नव्हती. दार लोटले जाई, पण लागत नसे. एक जण आत असली, की दुसरी बाहेर पाठ टेकून उभी राही, आणि रात्री तीन वाजता दुसरी मोकळी नसली तर औषधांची ट्रॉली दाराला आडवी लावायची. दुरुस्ती विभागाकडे दोन वर्षांत सात अर्ज गेले आणि प्रत्येक वेळी 'सुताराचे पद रिक्त आहे' असे उत्तर आले. कोणी दार उघडले होते का? हो. चुकून उघडले, असे तो म्हणाला. अशा 'चुकून'ची तक्रार कोण करणार आणि सिद्ध कशी करणार? म्हणजे आमचाही अहवाल निरंकच होता.

शेवटी अंतर्गत समितीवर नव्याने आलेल्या एका मेट्रनबाईंनी कलम १९ चा आधार घेतला. सुरक्षित वातावरण देणे हे मालकाचे कर्तव्य असल्याचे त्यात लिहिले आहे. त्यांनी समितीच्या कागदावर पत्र दिले आणि आठ दिवसांत कडी बसली. पितळी आहे, अजून नीट लागते. कायद्याच्या नावात 'प्रतिबंध' हा शब्द आधी आणि 'निवारण' नंतर येतो, हे मला त्या कडीमुळे समजले. त्यानंतर मात्र सहा महिन्यांत समितीकडे दोन तक्रारी आल्या. त्यांबद्दल अर्थातच काही लिहीत नाही.

शंकासुर

कडीचा प्रतिसाद वाचून माझा पहिला मुद्दा मागे घेतो. दुसऱ्याबद्दल अर्धविराम यांच्याशी भांडण चालू ठेवण्याचा हक्क राखून ठेवतो.

अर्धविराम

जरूर. फक्त लेखी भांडावे, सहा प्रतींत.

मुक्काम पोस्ट

आतापर्यंत कारखाना, रुग्णालय आणि कार्यालय यांची चर्चा झाली. मी मराठवाड्यात ऊसतोड कुटुंबांच्या मुलांच्या शिक्षणाचे काम करतो, म्हणून त्या फडाबद्दल लिहितो.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादम (टोळीचा ठेकेदार) हंगामाआधी उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती कोयत्याच्या हिशेबाने, आणि बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात. बाई पहाटे चारला उठून स्वयंपाक करते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते आणि रात्री उशिरा ट्रक आला की पुन्हा भरायला जाते. तरीही हिशेबाच्या वहीत तिचे स्वतंत्र नाव नसते. एखाद्या दिवशी कामावर आले नाही तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या चर्चेच्या मुळाशीही मासिक पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी आणि हा खाडा होताच.

आता प्रश्न असा, की अशा बाईला फडात, पालावर किंवा रात्रीच्या गाडीजवळ कोणी त्रास दिला, तर तिची अंतर्गत समिती कुठे आहे? तिचा मालक कोण? साखर कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो मीही मजूरच, आणि शेतकरी म्हणतो की ऊस माझा असला तरी टोळी माझी नाही. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणांसाठी आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्ह्याला 'स्थानिक समिती' असते, हे मला ठाऊक होते. तिचा पत्ता शोधायला जिल्ह्याच्या कचेरीत गेलो, तर पहिल्या टेबलाने महिला व बालविकासकडे पाठवले, तिथून कामगार कार्यालयाकडे पाठवले, आणि तिथल्या सज्जन कारकुनाने मला घरगुती हिंसाचाराच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव लिहून दिले. मी पँट-शर्ट घातलेला, अर्ज लिहिता येणारा पुरुष असून माझे दोन दिवस गेले.

आमच्या साखरशाळेत येणाऱ्या एका मुलीच्या आईला मी हे सारे समजावून सांगत होतो. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "सर, तक्रार केली अन् मुकादमानं टोळीतून काढलं, तर उचल कोन फेडनार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. टिपकागदताई, तुमच्या निरंकमध्ये किती 'उचली' दडल्या आहेत, ते पाहावे असे सुचवतो. कारखान्यात तिला उचल म्हणत नसतील. कंत्राटाचे नूतनीकरण, जादा पाळी किंवा कायम होण्याचे आश्वासन म्हणत असतील.

अर्धविराम

या प्रतिसादाला उत्तर म्हणून नाही, पण माहिती म्हणून लिहिते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमण्याचे, स्थानिक समिती स्थापण्याचे आणि तालुका पातळीवर समन्वय अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. म्हणजे २०१३ च्या कायद्याने सांगितलेली गोष्ट करा, असे अकरा वर्षांनी पुन्हा सांगावे लागले. घरकामगार स्त्रियांनाही स्थानिक समितीकडे जाता येते, कारण कायद्याच्या व्याख्येत राहते घर हेदेखील कामाचे ठिकाण आहे. प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास समितीने घरकामगार बाईची तक्रार सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. ज्यांना थेट पोलिसांत जायचे आहे, त्यांच्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ आहे; समिती आणि पोलीस हे दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले असतात. 'आधी समितीचा निकाल लागू द्या' असे सांगणारा अधिकारी चुकीचे सांगत असतो.

जोडाक्षर

वरचा विनोद माझाच होता, आता कबुलीजबाब देतो. मी मनुष्यबळ विभागात आहे. आमच्याकडे जे 'मिटवणे' चालते, त्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

तक्रार समितीपर्यंत येण्याआधी ती आमच्या टेबलावरून जाते. आम्ही तक्रारदार बाईला चहा देतो, 'तुमच्याच भविष्याचा विचार करा' म्हणतो, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला बोलावून 'जरा सांभाळून' म्हणतो, आणि पंधरा दिवसांनी तिची बदली दुसऱ्या शाखेत होते. मीही असे एकदा केले आहे. तिला 'सोयीची' म्हणून दिलेली शाखा तिच्या घरापासून दीड तास लांब होती. कलम १२ मध्ये बदलीची किंवा तीन महिन्यांपर्यंतच्या रजेची तरतूद आहे, परंतु ती तिने स्वतः लेखी मागितली तर समितीच्या शिफारशीवरून द्यायची आहे, आणि बदली त्याचीही करता येते, हे मी नंतर वाचले. कलम १० मधली तडजोडदेखील तिच्याच मागणीवरून होऊ शकते आणि त्यात पैशांची देवघेव चालत नाही. आम्ही मात्र तडजोडीपासूनच सुरुवात करीत होतो. त्या वर्षीचा आमचा अहवाल निरंक होता आणि त्यावर टंकलेखन माझे होते.

भिंगरी

जोडाक्षर, हे लिहायला धैर्य लागते. ती बाई पुढे कुठे आहे?

जोडाक्षर

चार महिन्यांनी राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' असे लिहिले होते.

पाटीपेन्सिल

थोडा वेगळा मुद्दा मांडते. विषयाला सोडून वाटल्यास दुर्लक्ष करावे. आमच्या संस्थेत एक सहकारी महिन्याच्या एक तारखेला नेहमी अस्वस्थ असायची, कारण त्या दिवशी नवरा फाटकावर येऊन उभा राही आणि तिच्या खात्याचे कार्ड घेऊन जाई. दोन वेळा ती गळ्यापर्यंत बंद कुडता घालून भर उन्हाळ्यात आली. हा लैंगिक छळ नव्हता, छळणारा कर्मचारीही नव्हता, म्हणून आमच्या समितीने 'आमच्या कक्षेत येत नाही' असे सांगितले आणि ते शब्दशः बरोबरही होते. पण तिच्या खाड्यांचे मूळ तिथेच होते आणि शेरेपुस्तकात मात्र 'अनियमित' असा शेरा पडत होता.

मार्ग एका शिपाईमावशीने काढला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्या माणसाला आत न सोडण्याची तोंडी सूचना मिळाली, पगार तिच्या एकटीच्या नव्या खात्यात वळवला गेला आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्यासाठी तिला दोन अर्ध्या दिवसांच्या रजा मिळाल्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळाचाही समावेश आहे, हे आम्हाला तेव्हा कळले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या करार क्रमांक १९० मध्ये घरातील हिंसेचा कामावर होणारा परिणाम ओळखावा, असे म्हटले आहे. आमच्या मावशीने तो करार वाचलेला नव्हता.

शंकासुर

विषयाला सोडून मुळीच नाही. उलट शेरेपुस्तकाचा मुद्दा वाचून मला माझ्या विभागातील एका 'अनियमित' बाईंची आठवण झाली. उद्या त्यांना शेरा देण्याआधी बसवून विचारेन. लेखी नाही, तोंडी.

रात्रपाळी

दार उघडे ठेवून विचारा, आणि कोणी विचारत आहे म्हणून त्यांनी सांगितलेच पाहिजे, असा आग्रह धरू नका.

टिपकागद

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण मधल्या पाच आठवड्यांत काही गोष्टी केल्या आहेत.

फलक नवा करून घेतला. तो मराठी आणि हिंदीत असून त्यावर चारही सदस्यांची नावे आणि चालू असलेले क्रमांक आहेत. दर्शनी भागात एक लावलाच, शिवाय प्रत्येक स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतील बाजूने एकेक छोटा फलक लावला, कारण दर्शनी फलकासमोर उभे राहून क्रमांक टिपून घेताना बाईला दहा जण पाहतात. (कड्याही तपासल्या. पाचपैकी दोन तुटक्या होत्या.) मागील तीन वर्षांत राजीनामा दिलेल्या स्त्रियांची यादी आणि त्यांच्या विभागांचा ताळा मांडला, हिशेबनीस असल्याचा एवढा तरी उपयोग. एकाच विभागातून, एकाच पर्यवेक्षकाच्या हाताखालून सहा जणी गेल्या असून सगळ्यांची कारणे 'वैयक्तिक' आहेत. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. म्हणून ताळा फक्त समितीपुढे ठेवला आणि त्या विभागात पहिली बैठक घेतली.

बैठक पाळी बदलताना, त्यांच्याच जेवणाच्या खोलीत झाली. पडद्यावरची चित्रे नव्हती. छळ म्हणजे काय ते मी वाचून दाखवले, त्यावर कोणीच बोलले नाही. बैठक मोडल्यावर भांडी आवरणाऱ्या एका बाईंनी हलकेच विचारले, "ताई, हे आम्हाला पन लागू हाय का? आमचा पगार तर ठेकेदार देतो." मी हो म्हटले. कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, सारे व्याख्येत येतात, हे पाठ होते. मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला : लिहिता येत नसेल तर?

अर्धविरामताई, लेखी तक्रार देणे शक्य नसेल, तर अध्यक्षाने किंवा सदस्याने ती लिहिण्यास मदत करायची, असे कलम ९ मध्ये आहे ना? एकदा खात्री करून सांगावे. सहा प्रती मी माझ्या घरच्या यंत्रावर काढणार आहे.

अर्धविराम

आहे. त्यांच्याच शब्दांत लिहा, भाषा सुधारू नका. पूर्ण झाल्यावर वाचून दाखवा, त्या सांगतील त्या दुरुस्त्या करा आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी अंगठा घ्या. मिळाल्याची पोच त्याच दिवशी त्यांच्या हातात द्या. आणि गोपनीयतेचे कलम १६ लक्षात ठेवून येथे यापुढे काहीही लिहू नका.

टिपकागद

समजले. संपादकांना विनंती, की माझ्या आधीच्या प्रतिसादातील विभागाचा आणि पर्यवेक्षकाचा उल्लेख काढून टाकावा.